समोर बसलेल्याचे काम

युद्धावर जाऊन आलेली किंवा सैन्यात एकत्र वाढलेली माणसे उतारवयात पुन्हा भेटतात, या एका घटनेवर उभ्या असलेल्या कादंबऱ्या नाट्यरूपांतराला, म्हणजे निवेदनाच्या अंगाने लिहिलेला मजकूर संवाद आणि कृतीच्या अंगाने नव्याने बांधण्याच्या कामाला, वरवर पाहता फार सोयीच्या वाटतात. स्थळ एक, रात्र एक, पात्रे मोजकी आणि बोलायला आयुष्यभराचा साठा; निर्मात्याच्या दृष्टीने खर्च कमी आणि नटाच्या दृष्टीने भूमिका मोठी. प्रत्यक्ष संहिता हातात घेऊन तालमीला बसल्यावर मात्र ध्यानात येते की या कादंबऱ्यांत घडायचे ते सगळे आधीच घडून गेलेले असते, आणि ज्याच्यासमोर ते सांगितले जाते त्यालाही त्यातले बरेचसे ठाऊक असते. ठाऊक असलेल्याच माणसाला ठाऊक असलेली गोष्ट सांगणे कादंबरीत खपून जाते. रंगमंचावर मात्र तो ऐकणारा माणूस प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर तासभर बसलेला असतो, आणि त्या तासात त्याने काय करायचे हे कादंबरीकाराने सांगून ठेवलेले नसते. हंगेरियन लेखक शान्दोर माराई यांच्या एका कादंबरीवर काम करताना हा प्रश्न जितक्या उघडपणे पुढे येतो तितका दुसऱ्या संहितांत क्वचितच येत असेल.

मेणबत्त्या बुडापर्यंत जळतात अशा अर्थाच्या हंगेरियन नावाने ही कादंबरी १९४२ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे कित्येक वर्षे हंगेरीबाहेर जवळजवळ विस्मृतीत राहिली. १९९८ मध्ये इटलीतील आदेल्फी या प्रकाशनसंस्थेने ती इटालियनमध्ये आणल्यावर ती युरोपभर वाचली गेली, आणि २००१ मध्ये कॅरल ब्राउन जेनवे यांनी जर्मन भाषांतरावरून केलेल्या इंग्रजी अनुवादात तिला 'एम्बर्स' हे नाव मिळाले. कथानक थोडक्यात सांगता येते. कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी जंगलाने वेढलेल्या एका जुन्या गढीत पंचाहत्तरीला टेकलेला जनरल हेन्रिक एकटा राहतो, आणि एके दिवशी त्याला कोन्राड या बालमित्राचे पत्र येते. वयाच्या दहाव्या वर्षापासून व्हिएन्नाच्या लष्करी शाळेत शेजारच्या खाटेवर झोपलेला, पुढे एकाच सैन्यात अधिकारी झालेला हा मित्र १८९९ च्या जुलै महिन्यात एका शिकारीच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही न सांगता राजीनामा देऊन उष्ण कटिबंधाकडे निघून गेलेला असतो. त्या शिकारीत पहाटेच्या अंधुक उजेडात, हरीण समोर असताना, आपल्या मागे उभ्या असलेल्या कोन्राडने बंदुकीचा नेम हरणावर नव्हे, आपल्यावर धरला होता, अशी हेन्रिकची खात्री आहे. आणि आपली पत्नी क्रिस्तिना हिला ते आधी माहीत होते का, हे विचारण्यासाठी तो एकेचाळीस वर्षे आणि त्रेचाळीस दिवस जिवंत राहिला आहे. क्रिस्तिना मात्र हयात नाही. त्या घटनेनंतर आठ वर्षे नवराबायको एकाच जमिनीवर, पण वेगवेगळ्या घरांत, एकमेकांशी एक शब्दही न बोलता राहिले आणि मग ती गेली. आता दोघे म्हातारे त्याच दालनात, त्याच मांडणीत, जवळजवळ त्याच पदार्थांचे जेवण जेवतात, आणि पहाटेपर्यंत एकजण बोलतो व दुसरा ऐकतो.

हे बोलणे १९४० च्या ऑगस्टमध्ये चालले आहे, ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहज निसटते, पण नटाला ती विसरून चालत नाही. ज्या सैन्यात हे दोघे वाढले ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दुहेरी राजेशाहीचे सैन्य १९१८ मध्ये त्या राज्याबरोबरच नाहीसे झाले होते, आणि १९२० च्या त्रिआनोंच्या तहाने जुन्या हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजारच्या राष्ट्रांकडे गेला होता. खुद्द माराई यांचा जन्म १९०० साली कश्शा या गावात झाला, ते गाव त्या तहाने चेकोस्लोव्हाकियात गेले, १९३८ मध्ये हंगेरीकडे परत आले आणि आज कोशित्से या नावाने स्लोव्हाकियात आहे. कादंबरी लिहिली जात असताना हंगेरी पुन्हा एका महायुद्धात उतरलेली होती, आणि तीही जर्मनीच्या बाजूने. माराई यांनी १९४८ मध्ये देश सोडला तो कायमचाच, आणि १९८९ मध्ये सान दिएगो येथे त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. शपथ ज्याच्यापुढे घेतली तो सम्राटही उरलेला नाही आणि ज्या देशासाठी घेतली तो देशही नकाशावर नाही, तेव्हा शपथ संपली असे कोन्राड मानतो आणि हेन्रिक मानत नाही. जेवणाच्या टेबलावर हा मतभेद अवघ्या काही वाक्यांत येऊन जातो, पण त्या रात्रीतील बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

कादंबरीचे सर्वांत परिचित नाट्यरूपांतर ख्रिस्टोफर हॅम्प्टन यांनी केले आणि ते २००६ च्या वसंतात लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये मायकेल ब्लेकमोर यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. जेरेमी आयर्न्स हेन्रिक झाले होते आणि पॅट्रिक मलहाइड कोन्राड. हॅम्प्टन या कामात नवखे नव्हते. लाक्लो यांची केवळ पत्रांतून उलगडणारी अठराव्या शतकातील फ्रेंच कादंबरी त्यांनी १९८५ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी नाटकात आणली होती, आणि ज्या पुस्तकात पात्रांच्या भेटी केवळ पत्रांतून कळतात त्या पुस्तकातून त्यांनी धारदार समोरासमोरचे प्रसंग काढले होते. माराई यांच्या बाबतीत परिस्थिती उलटी होती, कारण येथे पात्रे समोरासमोर बसलेली असूनही प्रसंग एकाच बाजूने वाहतो. प्रयोगावर लिहिणाऱ्या अनेक समीक्षकांनी हे नाटक जवळजवळ एकपात्री झाल्याचे आणि दुसऱ्या नटाच्या वाट्याला बसून राहण्याखेरीज फारसे काही न आल्याचे नोंदवले. ही टीका चुकीची म्हणता येत नाही, मात्र ती जिथे थांबते तिथून पुढे खरे काम सुरू होते. ब्लेकमोर यांनीच १९९८ मध्ये मायकेल फ्रेन यांचे 'कोपनहेगन' दिग्दर्शित केले होते, आणि त्यातही दोन जुने स्नेही युद्धाच्या सावलीत झालेल्या एका भेटीचा हिशेब मांडतात. पण तिथे दोघेही अखंड बोलतात, आणि ऐकण्याची जबाबदारी मार्ग्रेटे बोर या तिसऱ्या व्यक्तीकडे दिलेली आहे, जी प्रेक्षकांच्या वतीने शंका काढते व मध्येच दोघांना अडवते. माराई यांच्या कादंबरीत असा तिसरा कोणी नाही. शंका काढण्याचा अधिकार ज्याला आहे तोच आरोपीच्या जागी बसलेला आहे.

या संहितेशी प्रस्तुत लेखिकेचा संबंध आला तो एका छोट्या अभ्यासगटाच्या मराठी अभिवाचनामुळे. अभिवाचन म्हणजे नाटक पाठ न करता, हातात संहिता धरून, पण वाचिक अभिनयाच्या सर्व जबाबदाऱ्या सांभाळून केलेले सादरीकरण. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, तीन खुर्च्या आणि तीन स्टँड. गटाने हॅम्प्टन यांच्या नाटकाचा आधार घेतला नाही, इंग्रजी अनुवादावरून कादंबरीचाच संक्षेप तयार केला, आणि हा मजकूर मुळापासून तिसऱ्या हातावर आलेला असल्यामुळे शब्दांच्या कारागिरीवर भर न देता वाक्यांची चाल आणि माहितीचा क्रम यांच्याशी प्रामाणिक राहावे असे ठरवले. संहिता तयार करणे आणि तालमीत प्रॉम्प्टिंग करणे, अशी दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आली, आणि त्यातील दुसऱ्या कामाने पहिल्याला बरेच काही शिकवले.

प्रारंभी वाद झाला तो स्थळाचा. कथा मराठी मुलखात आणावी, हेन्रिकला महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या लष्करी घराण्यातला निवृत्त अधिकारी करावे, अशी सूचना आली, आणि ती टाकाऊ नव्हती. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, त्यांतील नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ब्रिटिश सम्राटाला वाहिलेली त्यांच्या पलटणीची निष्ठा काही वर्षांतच नव्या राष्ट्राकडे वळली. साम्य नजरेत भरण्याजोगे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. भारतीय सैनिकाचा सम्राट गेला तेव्हा त्याच्या हातात देश आला. हेन्रिकचा सम्राट गेला तेव्हा देशही त्याच्याबरोबर गेला. हेन्रिकची एकेचाळीस वर्षांची वाट पाहण्याची जिद्द या दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीतून येते, आणि ती सह्याद्रीच्या कुशीत नेऊन ठेवली की नुसता मत्सराचा किस्सा शिल्लक राहतो. कार्पेथियन जसाच्या तसा ठेवण्यात आला. एकमेकांना हाक कशी मारायची, हा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे सोपा निघाला. राजेशाही सैन्यात सारख्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनी आपसांत एकेरीत बोलण्याची रीत होती. तेव्हा इतक्या वर्षांनी भेटलेले दोन वृद्ध मराठीत 'अहो-जाहो' करतील की काय ही काळजी मिटली, आणि 'तू' या संबोधनाला जवळिकीपेक्षा शिस्तीचा अर्थ मिळाला.

कादंबरीच्या पूर्वार्धात हेन्रिकचे बालपण, त्याची फ्रेंच आई, लष्करी शाळा आणि कोन्राडचे गॅलिशियातील गरीब घर यांचे निवेदन येते, आणि कोणताही रूपांतरकार कात्री चालवतो ती इथे. निवेदन काढून टाकणे सोपे असते. त्यातली कोणती माहिती कोणाच्या तोंडी द्यायची हे ठरवणे जिकिरीचे असते, कारण हेन्रिकने कोन्राडला त्याच्याच आईवडिलांची गरिबी समजावून सांगणे हास्यास्पद होईल. मराठीत श्री. ना. पेंडसे यांनी 'गारंबीचा बापू'चे नाटक केले तेव्हा गावातील माणसांच्या बोलण्यातून पार्श्वभूमी आपोआप येत राहील अशी सोय मूळ कादंबरीतच होती. माराई यांच्या गढीत गावच नाही. त्यामुळे बालपणाचा बहुतेक भाग गाळला गेला आणि कोन्राडच्या हातमोज्यांचा उल्लेख तेवढा राखला गेला, कारण मुलाच्या गणवेशाची प्रत्येक वस्तू आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून घेतली आहे हे कोन्राड स्वतः एकदा सांगतो, आणि तेवढ्यावर प्रेक्षकाला बाकीचे उमजते.

खरी अडचण उत्तरार्धात आली. कोन्राड वाचणारे नट अनुभवी होते, आणि अनुभवी नटाला मोठ्या पॉजमध्ये, म्हणजे संवादामधील जाणीवपूर्वक सोडलेल्या रिकाम्या जागेत, काहीतरी भरण्याची सवय असते. हेन्रिकचे लांबच लांब बोलणे सुरू झाले की ते मान हलवीत, भुवया उंचावीत, ओठ आवळीत, आणि प्रत्येक आरोपावर एक छोटी प्रतिक्रिया देत. परिणाम असा होई की हेन्रिकच्या प्रत्येक वाक्याला उत्तर मिळून जाई आणि त्याला पुढचे वाक्य बोलण्याचे कारणच उरत नसे. उलट, काहीही करू नका असे सांगितल्यावर ते दगडासारखे बसले, आणि मग हेन्रिक रेडिओसमोर बोलत असल्यासारखा भासू लागला. प्रॉम्प्टरच्या जागेवरून हे फार स्पष्ट दिसते, कारण प्रॉम्प्टरची नजर कागदावर आणि कान पुढच्या क्यूवर, म्हणजे ज्या शब्दावर दुसऱ्या नटाने संवाद उचलायचा त्या शब्दावर, असतो. आणि कोन्राडच्या पानावर पुढचा क्यू कित्येकदा दोन-दोन पाने लांब होता. तेवढ्या अंतरात समोरचा नट जिवंत आहे की नाही, हे आवाजाशिवायही कळते.

उपाय निघाला तो मनोविश्लेषणातून नव्हे, त्या काळच्या सैन्याच्या नियमांतून. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात अधिकाऱ्याला लग्न करायचे असल्यास परवानगी लागे, आणि परवानगीसाठी विवाह-अनामत म्हणून मोठी रक्कम लष्करी खजिन्यात ठेवावी लागे, ज्यायोगे अधिकाऱ्याच्या कुटुंबाला दर्जाला शोभेल असे राहता यावे; पगारावर जगणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला ती बहुधा सासरच्या पैशाशिवाय जमत नसे. कादंबरीतील दोघे त्या रात्री या नियमाबद्दल एक शब्दही बोलत नाहीत. मात्र क्रिस्तिना ही एका गरीब संगीतकाराची मुलगी, तिची ओळख हेन्रिकला कोन्राडनेच करून दिलेली, आणि तिच्याशी लग्न करणे कोन्राडला ज्या सैन्यात अशक्यप्राय होते त्याच सैन्यात हेन्रिकला एका सहीने शक्य होते, ही गोष्ट नटाला कळली की त्याच्या ऐकण्याला आपोआप हिशेबाची बैठक येते. हेन्रिक मैत्रीतील विश्वासघाताबद्दल बोलत असतो आणि समोरचा माणूस त्याच वेळी मनात दुसरीच जमाखर्चाची वही तपासत असतो. ती वही तो उघड करत नाही, पण ती त्याच्यापाशी आहे हे प्रेक्षकाला जाणवते. गप्प बसणे म्हणजे कबुली, असे समजून वाचले जाणारे उत्तरार्धाचे प्रत्येक पान यामुळे बदलले, आणि त्यासाठी संहितेत एका शब्दाचीही भर घालावी लागली नाही.

दुसरा नियम द्वंद्वाचा. देशाच्या कायद्याने द्वंद्व गुन्हा असले तरी अधिकाऱ्याच्या अब्रूला धक्का लागल्यावर ते टाळणाऱ्याला सैन्यातून काढून टाकले जाई, आणि ही प्रथा सम्राट कार्ल यांनी १९१७ मध्ये, म्हणजे राजेशाहीच्या अगदी अखेरीस, बंद केली. १८९९ च्या जुलैमध्ये कोन्राड थांबला असता तर हेन्रिकला त्याच्यासमोर पिस्तूल घेऊन उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. कोन्राडच्या पलायनाने मित्र तर गेलाच, शिवाय हेन्रिकचे हे कर्तव्यही अपुरे राहिले. क्रिस्तिना त्याला भ्याड म्हणते ते प्रियकर म्हणून की अधिकारी म्हणून, हे कादंबरी उघडे ठेवते. हा संदर्भ लक्षात घेतल्यावर जेवणाचे टेबल द्वंद्वाच्या मैदानाच्या मापाने बांधता आले: अंतर ठरलेले, सुरुवात कोणी करायची ते ठरलेले, आणि एकाचा वार होईपर्यंत दुसऱ्याने जागेवरून हलायचे नाही. कोन्राड वाचणाऱ्या नटाला ताठ बसण्याचे कारण मिळाले. तो आता ऐकत नव्हता, उभ्याने गोळी झेलत होता, आणि लष्करी शाळेत दहाव्या वर्षापासून शिकवले गेलेले शरीर ते कसे करते हे त्याला दाखवायचे होते. भुवया आपोआप थांबल्या.

या दोन गोष्टी समजल्यानंतर कोन्राडला हालचाली दिल्या गेल्या त्या मोजक्या आणि केवळ उपयोगाच्या. अभिवाचन असल्यामुळे खरी ताट-वाटी नव्हती, पण पाण्याचा एक ग्लास होता, आणि तो उचलून तोंडाला लावण्याची जागा संहितेत एकदाच, हेन्रिक शिकारीच्या वर्णनाकडे वळण्याच्या बऱ्याच आधी, नक्की केली गेली; शिकारीच्या वर्णनात ग्लास हाताशी असूनही तो उचलला जात नाही, हे श्रोत्यांतील अनेकांनी नंतर आपणहून सांगितले. संहितेचे पान उलटण्याचे कामही दोघांनी वेगवेगळ्या वेळी करायचे होते, कारण दोन पाने एकदम उलटल्याचा आवाज प्रसंग संपल्यासारखा वाटतो. अभिवाचनाचे हे व्याकरण कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तालमीतच सापडते आणि दुसऱ्या नाटकाला उपयोगी पडेलच असे नाही.

निनी या नव्वदी ओलांडलेल्या दाईचे पात्र लंडनच्या प्रयोगातही होते आणि मराठी वाचनातही तिसरी खुर्ची तिची होती. तिने हेन्रिकला अंगावर पाजून वाढवले आहे, गढीतील कारभाराची सगळी सूत्रे तिच्या हाती आहेत, आणि हेन्रिक जे प्रश्न कोन्राडला विचारणार आहे त्यांची उत्तरे तिला बहुधा माहीत आहेत. ती फक्त सुरुवातीला आणि शेवटी येते. मधल्या काळात तिला खुर्चीतच बसवून ठेवावे की उठवून विंगेत पाठवावे, यावर गटाचे दोन तट पडले. बसवून ठेवण्याचा निर्णय झाला, आणि तिच्याकडे रंगसूचना वाचण्याचे काम आले: वादळ, जिल्ह्यातील वीज जाणे, नोकरांनी मेणबत्त्या आणणे. वीज जाण्याचा हा प्रसंग कादंबरीत फार हुशारीने योजलेला आहे, कारण त्यामुळे १९४० सालची खोली एका क्षणात १८९९ ची होते. प्रकाशयोजनेची साधने हाताशी असलेल्या दिग्दर्शकाला तो आयताच मिळतो, आणि म्हणूनच तो जरा जास्त मोहातही पाडतो. अभिवाचनात निनीच्या कोरड्या आवाजात तो एका वाक्यात उरकला गेला आणि त्याने काहीच बिघडले नाही.

क्रिस्तिनाच्या रोजनिशीचे मात्र तसे नव्हते. पिवळ्या मखमली बांधणीची, फितीने बांधून मोहोर लावलेली ती वही हेन्रिकने इतकी वर्षे न उघडता जपली आहे. ती आपण दोघांनी मिळून वाचू या, असे तो सुचवतो, कोन्राड काहीच म्हणत नाही, आणि मग हेन्रिक ती निखाऱ्यांत टाकतो. ज्या पुराव्यासाठी प्रेक्षक इतका वेळ थांबला तोच न वाचता जाळला जातो, ही नाट्यदृष्ट्या मोठी जोखीम आहे, आणि कोन्राडने आधीच्या तासाभरात ऐकण्याचे काम नीट केले नसेल तर इथे नाटक कोसळते. तसे झाले तर वही जाळणे ही लेखकाची पळवाट वाटते. नीट केले असेल तर मात्र ती जाळण्याचा निर्णय दोघांचा होतो, कारण न उच्चारलेले 'नको' ऐकू येते. रहस्य फुटावे अशी अपेक्षा धरून बसलेल्या प्रेक्षकाला यात फसवल्यासारखे वाटू शकते, आणि त्या प्रेक्षकाची समजूत घालणे हे रूपांतरकाराचे काम आहे असे मानण्याचे कारण नाही. त्यानंतर उरलेल्या दुसऱ्या प्रश्नाला, आयुष्याचा अर्थ शेवटी त्या एका गेलेल्या स्त्रीच्या ओढीतच होता का या प्रश्नाला, कोन्राड उत्तर देतो तेही असे की मला कशाला विचारतोस, तुला ठाऊकच आहे.

वाचनाला आलेल्या श्रोत्यांत सैन्यातून निवृत्त झालेले काही अधिकारी होते, आणि त्यांचे लक्ष इतरांहून वेगळ्या जागी गेले. जेवणाची वेळ, गाडी पाठवण्याची वेळ, पाहुण्याला घ्यायला कोणी जायचे, याबद्दल हेन्रिक सकाळपासून ज्या सूचना देत असतो त्यांवर ते मनमोकळे हसले. नाटकाच्या लोकांनी त्या ओळी केवळ वातावरणनिर्मितीच्या समजून भराभर वाचल्या होत्या. चर्चेच्या वेळी या अधिकाऱ्यांनी एकच शंका काढली, आणि ती प्रेमत्रिकोणाची नव्हती. हेन्रिक १९१४ ते १९१८ च्या युद्धात होता आणि कोन्राड नव्हता. मग हा माणूस त्याच्यासमोर बरोबरीच्या नात्याने बसतो कसा, आणि हेन्रिक त्याला बसू देतो कसा? पलटणीतून निघून गेलेल्याने लढाईची चार वर्षे कुठे काढली हे कोणीच विचारत नाही, हे त्यांना पटेना.

संक्षेप करताना नेमका हाच भाग गाळला गेला होता. कादंबरीत कोन्राड मलायातील आपल्या वर्षांबद्दल, तिथली दमट हवा माणसाला कशी आतून खाते याबद्दल आणि आपण ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याबद्दल बोलतो, आणि प्रेमकथेच्या मागे असलेल्या वाचकाला ते प्रवासवर्णन वाटून जाते. पण ब्रिटनने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले ते १२ ऑगस्ट १९१४ रोजी, आणि ब्रिटिश नागरिकत्वामुळे हेन्रिकचा जिवलग मित्र कागदोपत्री शत्रुपक्षात गेला. १९४० च्या ऑगस्टमध्ये तो लंडनहून आला आहे हेही युद्धाच्या नकाशावर साधे नाही. हे सगळे माहीत असून हेन्रिक त्याच्यासाठी गाडी पाठवतो आणि युद्धाचा जाब न मागता शिकारीच्या सकाळचा मागतो. युद्धात जे गेले ते सर्वांचेच गेले, शिकारीत गेले ते त्याचे एकट्याचे, असा त्याचा क्रम असावा. त्या क्रमाचा अंदाज येण्यासाठी कोन्राडने मलायाबद्दल आधी बोललेले असणे आवश्यक होते; शिवाय पुढे तासभर मौन पाळणाऱ्या माणसाचा आवाज कसा आहे हे श्रोत्यांनी एकदा पुरेसे ऐकलेले असले तर त्या मौनाला वजन येते, हा अगदी तांत्रिक फायदाही होता. पुढच्या वाचनासाठी तो उतारा परत घेण्यात आला. त्यामुळे वाढलेली लांबी निनीच्या पहिल्या प्रवेशातून वसूल करावी लागली, आणि निनी वाचणाऱ्या अभिनेत्रीला ती काटछाट अद्याप मान्य नाही.